साच्यापुरती भिंत

“इथे भिंत कशाला घातलीत?” डॉक्टरबाईंनी बोट नेमकं तिथे टेकवून विचारलं, आणि त्याच्या हातातला ब्रश हातातच राहिला. बाई कानाच्या सर्जन होत्या. शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला त्यांना एका पेशंटच्या कानशिलातल्या हाडाचं वीसपट मोठं मॉडेल हवं होतं, आणि त्यासाठी त्यांनी स्कॅनच्या चाळीस चकत्या कागदावर छापून पाठवल्या होत्या. त्याने तीन आठवडे खपून एकेक चकती बोटभर जाडीच्या फळीवर आखली, कापली, एकीवर एक चिकटवली, फटींत लांबीचा मऊ लगदा भरला, पॉलिश पेपरने घासून सगळ्याला हाडाचा रंग दिला. मग आतलं रंगवायला घेतलं. पडद्यामागच्या पोकळीतून घशाकडे उतरणारी युस्टेशियन नळी गुलाबी, तिला आतल्या अंगाने खेटून मेंदूकडे चढणारी धमनी लाल, आणि दोघींच्या मध्ये हाडाची पांढुरकी भिंत. आयुष्यभर तो हे असंच रंगवत आला होता. “भिंत असतेच तिथे,” तो म्हणाला. “असते हो. बहुतेकांना असते. ह्या माणसाला नाहीये, म्हणून तर मॉडेल करायला सांगितलं ना?” बाईंनी मॉडेल उजेडाकडे फिरवलं आणि फळ्यांच्या कडा मोजल्या. “ही एकोणिसावी. इथपासून तेविसाव्यापर्यंत. बघा, आखताना तुम्ही बरोबर मोकळं सोडलंय. नंतर हाताने बुजवलंत.” त्याने चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं. खरंच होतं. चांगली पाच बोटं रुंद फट त्याने लांबी भरून सपाट केली होती, घासली होती, वर दोन हात रंगही दिला होता, आणि ह्यातलं काहीएक त्याला आठवत नव्हतं. हातांनी आपलं आपणच उरकलं होतं.

“ह्याने होतं काय?” त्याने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. “ऑपरेशन करताना एखाद्याला माहीत नसलं आणि त्याने नळीत हत्यार घातलं, तर सरळ धमनीत जाईल. माणूस टेबलावरच खलास.” “तसं नाही. ज्याला भिंत नसते त्याला काय होतं?” बाई पर्सची चेन लावत होत्या. “बऱ्याच जणांना काहीच नाही. जन्मभर कळतही नाही. काहींना आपलीच नाडी ऐकू येते, रक्त शेजारूनच जातं ना. हा माणूस म्हणायचा, माझ्या कानात कोणीतरी चालतं. तीन डॉक्टरांनी त्याला झोपेच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं.” आणि त्या हसल्या, वाईट नाही, कामावरची माणसं हसतात तशा. “उद्या दुपारपर्यंत भिंत काढून ठेवा, मिस्त्री. परवा मला लेक्चर आहे.” त्या गेल्या. त्यांच्या टाचांचा आवाज कारखान्याच्या लांबलचक पडवीतून दारापर्यंत गेला आणि तो ऐकत राहिला. आवाज थांबला तरी ऐकत राहिला.

कारखान्यात त्याला सगळे कानकोरे म्हणत, ते आडनाव असल्यासारखं. दातांचे जबडे करणारा दातवाला होता, हृदयं करणारा एक गोरा लठ्ठ माणूस होता त्याला लाडाने दिलवर म्हणत, आणि हा कानकोरे. त्याच्या हातचे कान वैद्यकीय कॉलेजांत जात, शाळांत जात, डॉक्टरांच्या टेबलांवर पेपरवेट म्हणून बसत. पाचपट मोठा कान, चार तुकड्यांत उघडणारा. पडदा काढला की हातोडी, ऐरण, रिकीब, मग गोगलगाईच्या शंखासारखा आतला कान, आणि खाली ती नळी. डोळे बांधून दिले तरी त्याने कान जोडून दाखवला असता, आणि कारखान्याच्या वाढदिवसाला दोनदा दाखवलाही होता. इतकं सगळं खरं. पण खरं हाड त्याने आयुष्यात एकदाच हातात घेतलं होतं, तेसुद्धा पिवळट, फुटकं, थोरल्या मिस्त्रींच्या कपाटातलं. थोरले मिस्त्री म्हणजे ज्यांनी त्याला हे काम शिकवलं ते. पहिल्याच वर्षी ते त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, “ही मधली भिंत आहे ना, ही पुस्तकात कागदासारखी पातळ दाखवतात. तू तशी करायला जाशील तर साच्यातून काढताना साच्यातच राहील. चांगली जाड ठेव. दोन पेन्सिली जाड. साच्यापुरती.” त्याने मान डोलावली होती. साच्यापुरती. मग दोनशे कान झाले, दोन हजार झाले, आणि त्या ‘पुरती’चं काय झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. भिंत जाडच असते. त्याने वाजवून बघितली होती, टक टक वाजायची.

त्याने पटाशी घेतली आणि लांबी खरवडायला सुरुवात केली. रंगाचा पापुद्रा निघाला, खालची लांबी अजून पुरती वाळली नव्हती, ओलसर होती, तिचा वास उठला. दुपारची सुट्टी झाली, दिलवर डबा घेऊन जाताना म्हणाला, “काय कानकोरे, चालू कामाची तोडफोड?” त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. लांबी निघत गेली तसा आतून धमनीचा लाल रंग दिसू लागला, आधी रेघेएवढा, मग बोटाएवढा. नळीत बोट घातलं तर ते सरळ त्या लालावर टेकत होतं. मध्ये काही नव्हतं. माझ्या कानात कोणीतरी चालतं. हे वाक्य त्याने आज पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. नीट सांगायचं तर त्याने ते ह्या शब्दांतही ऐकलं नव्हतं, ताई म्हणायची, “कोणीतरी जिना चढतंय रे. एकेक पायरी. चढतंय, चढतंय, पण पोचत काही नाही.”

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचे नंबर जोडून द्यायची, आणि यंत्र नेहमी उजव्या कानाला लावायची. का, म्हणून सुपरवायझरने विचारलं तेव्हा हिने भाबडेपणाने सांगून टाकलं, डाव्यात जागा नाही, तिथे एक जण आधीच आहे. पोरी खूप हसल्या. तिलाही त्यात तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं. घरात तर ते लहानपणापासूनच चालत आलं होतं, अभ्यास करता करता ती मध्येच मान वाकडी करून कानोसा घ्यायची आणि आई म्हणायची, “काय, आले का पाहुणे?” थट्टाच होती. धावून आली की पावलं जोरात यायची, आजारी पडली की लवकर लवकर, आणि गाढ शांत बसली की एकेक, लांब लांब, दमलेल्या माणसासारखी. आता हे सगळं त्याला पटाशी हातात धरून आठवत होतं आणि प्रत्येक गोष्टीपुढे एकच शब्द येऊन बसत होता. नाडी, नाडी, नाडी. इतकं उघड. दोन हजार कान करणाऱ्याला कळायला हवं होतं असं नाही, गल्लीतल्या कोणालाही कळलं असतं, फक्त मनगट हातात धरायची बुद्धी व्हायला हवी होती. पण थट्टेचं पुढे आजारात रूपांतर झालं ते तिचं लग्न ठरल्यावर. घड्याळदुरुस्तीच्या दुकानातला माणूस, उंच, थोडा पोक काढून चालणारा, बोलायला लागला की आधी खिशातलं घड्याळ काढून कानाला लावायचा आणि मग बोलायचा. घरात त्याला घड्याळजी म्हणत. दर रविवारी संध्याकाळी यायचा. एकदा कानकोरे बाजारातून वर येत होता, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते दोघं उभे होते, डोकं डोक्याला लावून, त्याचा कान तिच्या कानाला. ह्याला कानकोंडं झालं. ह्याने भलताच अर्थ काढला, कानाडोळा करून वर निघून गेला, आणि जेवताना आईला सांगितलं. आईला त्याचं काही वाटलं नसतं, लग्न ठरलंच होतं. तिला वाटलं ते वेगळंच. म्हणाली, “हिने त्यालाही ते पावलांचं सांगितलं असेल. उद्या सासरी जाऊन सांगेल. लोक म्हणतील, वेडी मुलगी गळ्यात बांधली.”

मग मामाला बोलावलं, ओळखीतल्या डॉक्टरांना बोलावलं, आणि एका संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले. ताई खिडकीशी उभी. डॉक्टर सांगत होते की असं ऐकू येणं दोन प्रकारचं असतं, कानाचं किंवा मनाचं. मामा म्हणाले, कानाचं असेल तर कसं कळणार? तेव्हा हा उठला. तेवीस वर्षांचं वय, तीन वर्षांची कारागिरी, अंगात शहाणपण मावत नव्हतं. कॉटखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कान काढला, टेबलावर मांडला, चारही तुकडे उघडले. कारखान्यातून तो खास त्या दिवसासाठी मागून आणला होता. “हे बघा मामा. ही नळी. ही धमनी. आणि ही मधली भिंत.” त्याने भिंतीवर नखाने वाजवलं. टक टक. “एवढ्या जाड हाडातून काही ऐकू येणं शक्यच नाही.” डॉक्टरांनी कौतुकाने मान हलवली. आईने मॉडेलकडे बघितलंच नाही, ती ह्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेतला अभिमान त्याला पुढे कितीतरी वर्षं पुरला. ताई खिडकीजवळून म्हणाली, “तू एकदा कान लावून बघ ना.” तो हसला होता. “त्यात काय बघायचं? हे बघ की, हाच तुझा कान.” आठवड्याने तिला मनाच्या आजारांच्या हॉस्पिटलात ठेवलं, दोन महिने. ती परत आली तेव्हा हात थरथरत होते, बोलणं सावकाश झालं होतं, आणि पावलांबद्दल ती पुन्हा कधी म्हणजे कधीच बोलली नाही. सगळे म्हणाले, गुण आला.

चार वाजता फट मोकळी झाली. त्याने कडा घासून गुळगुळीत केल्या, जशा असायला हव्यात तशा. जन्मतःच नसलेल्या भिंतीला तुटल्याच्या खुणा कशा असतील? मग ते मॉडेल फडक्यात गुंडाळलं. उद्या दुपारपर्यंत वेळ होता. मुकादमाला सांगितलं, घरी नेऊन शेवटचा हात मारतो. मॉडेल लहान मुलाएवढं, जड, छातीशी धरूनच न्यावं लागत होतं. रस्त्यात माणसं वाट देत होती. एका बाईने विचारलं, काय हो, आहे काय एवढं? तो म्हणाला, कान. तिने वेडा असावा अशी नजर टाकली आणि बाजूला झाली. त्याला त्या नजरेचं बरं वाटलं. आपल्याला ती फार उशिरा मिळाली असं वाटलं. चालताना त्याच्याच छातीतले ठोके फडक्यातल्या त्या लाकडात शिरतात की काय असं वाटू लागलं, म्हणून त्याने ते जरा लांब धरून बघितलं, पण हात भरून आले. ताईला सांगायचं, हे पक्कं होतं. कसं, ते कळत नव्हतं. त्यात एक साधी अडचणही होती. तीस वर्षं यंत्र लावून ताईचा उजवा कान कामातून गेला होता. डावा तर कधी तिचा नव्हताच. आता एकाहत्तराव्या वर्षी तिच्याशी बोलायचं म्हणजे कानीकपाळी ओरडावं लागायचं, निदान ओठ नीट दाखवून बोलावं लागायचं, आणि बाकीचं सारं जग, नळाचं पाणी, रस्ता, रेडिओ, एकेक करून तिच्यापुरतं बंद पडलं होतं. तेव्हा आता ती काय ऐकते, हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता. चौकातच तो पडला, आणि तो तिथेच उभा राहिला. मागच्याने हॉर्न वाजवला.

जिना बेचाळीस पायऱ्यांचा, दोन वळणांचा, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार. खाली तोंडाशी अंधार असायचा, भर दिवसाही. दिव्याचं बटण वर, त्यांच्या दाराशेजारी. संध्याकाळ झाली की ताई बाहेर येऊन तो दिवा लावायची आणि हा वर पोचला की आधी तो घालवायचा. चाळीस वर्षांचा नेम. तिने काही म्हटलं की ठरलेलं उत्तर: “मी आलो ना? आता कोण यायचंय?” आज दिवा लागलेला होता. पहिल्या वळणावर त्याने मॉडेल कठड्यावर टेकवलं, धाप टाकली. आणि जी गोष्ट तो आज सकाळपासून, खरं तर त्रेचाळीस वर्षं, बाजूला सारत आला होता ती खालून त्याच्यामागे चढून आली. ताई हॉस्पिटलात होती तेव्हाची. आईने घड्याळजीच्या घरी निरोप धाडला होता, मुलीची तब्येत ठीक नाही, लग्नाचं राहू दे. आणि एका संध्याकाळी तो आला. आई घरात नव्हती. दार ह्याने उघडलं. घड्याळजी उंबऱ्याबाहेर उभा, हातात टोपी, धापा टाकत. पळत चढला असावा. म्हणाला, “ती कुठे आहे तेवढं सांग. मला तिला न्यायचं आहे.” ह्याने सांगितलं, ती बाहेरगावी आहे. तो म्हणाला, “तिला काही झालेलं नाही. तिच्या कानात खरंच...” ह्याने त्याला पुरं बोलू दिलं नाही. “कान माझ्या रोजच्या हाताखालचे आहेत. कानात काही नाही, डोक्यात आहे. तुम्ही तुमचं बघा.” घड्याळजी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला, चावी संपलेल्या घड्याळाकडे गिऱ्हाइकासमोर बघावं तसा, मग वळला. ह्याने हात बाहेर काढून दिव्याचं बटण दाबलं आणि दार लावलं. रागाने नव्हे. पाहुणा गेला की दिवा घालवायचा, एवढंच. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. मग भिंतीला हात घासत घासत, एकेक पायरी चाचपत खाली गेली, आणि हा दाराला पाठ लावून ती शेवटपर्यंत ऐकत राहिला. हे त्याने आईला सांगितलं नाही. ताईला तर नाहीच. पुढे लग्नही केलं नाही; लोकांना सांगायचा, ताईला एकटं टाकून कसं करणार, आणि लोक म्हणायचे, देवमाणूस.

तो वर पोचला. हात अडकलेले असल्यामुळे दिवा तसाच राहिला. ताई टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत होती, बोट ओळीवर ठेवून. “हे काय आणलंस?” तिने विचारलं, बहिऱ्या माणसांच्या मोठ्या आवाजात. त्याने फडकं सोडलं. टेबल तेच होतं. त्याने मॉडेल उघडलं, तिच्याकडे वळवलं, समोर बसला. “ताई, हा कान आहे.” “दिसतंय मला. आयुष्यभर दुसरं काय केलंस?” “इथे भिंत असते.” “काय?” “भिंत! भिंत असते इथे!” त्याला ओरडावं लागलं. खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत कपडे काढणारी बाई थांबली. “ह्याला नाहीये! काही लोकांना नसते! मग रक्ताचा आवाज येतो! तुला जी पावलं यायची ती खरी होती! तू खरं बोलत होतीस!” तेव्हा त्याने चार माणसांत हळू, समजूतदार आवाजात तिला खोटं पाडलं होतं, आता सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं कबूल करायची वेळ आली होती. खालच्या मास्तरांचं दार वाजलं. “माझी चूक झाली! भिंत मीच जाड करत होतो!” त्याला रडू फुटलं, आणि ओरडताना रडणं फार विचित्र निघतं, त्याचं त्यालाच ऐकवेना.

ताईने हात पुढे केला. फटीत बोट घातलं, लाल रंगावर टेकवलं, काढून रंग लागलाय का बघितलं. “एवढंसंच?” ती म्हणाली. चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान नव्हतं, राग नव्हता. घरातली एखादी वस्तू जागेवर नसली की माणूस जसं आठवत राहतं तसं काहीतरी होतं. “म्हणजे ते माझंच रक्त.” त्याने जोराने मान डोलावली. “म्हणजे कोणीच नव्हतं.” त्याची मान डोलायची थांबली. “त्याने कान लावून ऐकलं होतं,” ती म्हणाली. “खाली वळणावर. तो सगळं कान लावूनच बघायचा. म्हणाला, येतंय की खरंच कोणीतरी. मीच असेन.” ती जराशी हसली. “हॉस्पिटलात मला गोळ्या द्यायचे. झोपवायचे. तरी पावलं थांबायची नाहीत. मग मी ठरवलं, हा तोच. उशीर होतोय त्याला, पण येतोय. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा ठेवलं असतंत तुम्ही.” तिने वर्तमानपत्राची घडी घातली, आणि ती घडी पुन्हा घातली. “आता ह्या वयात तू येऊन सांगतोस, नव्हता म्हणून.”

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. टेबलावरचा हा कान तिचा नव्हता. कुठल्या तरी परक्या माणसाचा होता, ज्याचं त्याला नावही माहीत नव्हतं. तेव्हाचाही तिचा नव्हता. हाच तुझा कान, असं म्हणून त्याने तिच्यापुढे दुसऱ्यांदा भलताच कान मांडला होता, आणि दुसऱ्यांदा तिच्याजवळचं होतं नव्हतं ते काढून घेतलं होतं. तिने मागितलं होतं ते एकच, फुकटचं, आणि ते अजून द्यायचं राहिलं होतं. तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला गेला, गुडघ्यांवर बसला. “काय करतोस?” ती म्हणाली, पण मान हलवली नाही. त्याने तिचे पांढरे केस बाजूला केले आणि आपला कान तिच्या कानाला लावला. कान गार होता. आधी नुसता घुमारा आला. मग खूप खालून, मंद, धप. मग धप. कोणीतरी दमत दमत चढत होतं. तिचं होतं की त्याचं स्वतःचं, ते कळायला मार्ग नव्हता. दोन्ही हाडं एकमेकांना टेकलेली होती आणि मध्ये भिंत असलीच तर ती कोणाची हेही सांगता आलं नसतं. “येतंय?” ताईने विचारलं. तिचा आवाज त्याला तिच्या हाडातून ऐकू आला, लहान मुलीसारखा. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. तिला तिचा माणूस परत मिळाला असता, ह्याला त्याची झोप, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

त्याने कान काढला, तिच्या समोर आला, तिचे दोन्ही हात धरले. “आला होता,” तो म्हणाला. “काय?” “आला होता तो! एकदा! खरंच आला होता, ताई! तू हॉस्पिटलात होतीस!” समोरच्या गॅलरीतली बाई कपडे छातीशी धरून उभी होती. “तुला न्यायला आला होता! मी दारातूनच परत पाठवला!” खाली मास्तर कोणाला तरी सांगत होते, काही नाही, म्हाताऱ्यांचं भांडण आहे. ताई त्याच्या ओठांकडे बघत होती. शब्द संपले तरी बघत राहिली, जणू आणखी काही यायचं बाकी आहे. तिने हात सोडवून घेतले नाहीत. तिची नाडी त्याच्या अंगठ्याखाली आली होती, ती एकदम जोरात चालू लागली, मग जरा वेळाने संथ झाली. तो वाट बघत होता. तिने शिव्या घालाव्यात, ते अवजड मॉडेल खाली ढकलून द्यावं, निदान का म्हणून विचारावं. ताईने विचारलं ते वेगळंच.

“तो उतरला तेव्हा जिन्यात दिवा होता का रे?”

“नव्हता,” तो म्हणाला. हे त्याने ओरडून सांगितलं नाही. पण त्याचे ओठ तिला दिसले. ती टेबलाचा आधार घेऊन उठली, दारापाशी गेली, बाहेर डोकावली. दिवा लागलेलाच होता. तरी तिने बटणावर हात ठेवला, ते नीट खाली आहे की नाही चाचपून बघितलं, आणि तो हात तिथेच ठेवून, कठड्याशी, खालच्या वळणाकडे बघत उभी राहिली. त्याने तिला आत ये म्हटलं नाही.